बीएडनंतरची आणखी एक वाट : ई-लर्निंगचे धडे घडवण्याचे काम

आपल्या मोहल्ल्यातल्या दहा घरांत चौकशी केली, तर एकदोन घरांत तरी डीएड किंवा बीएड झालेली मुलगी किंवा सून सापडते. पदवीचे सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेले असते. टीईटी दिलेली असते. पवित्र पोर्टलवर भरती कधी निघते, याकडे सगळ्या घराचे डोळे लागलेले असतात. शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आपल्या राज्यात डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत किती मुलींची लग्ने झाली, किती जणींनी शिकवण्याचा विचारच सोडून दिला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आम्ही शिक्षक आहोत. वर्गात उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांतून शिकवतो. शाळेतली नोकरी ही इज्जतीची नोकरी आहे आणि ती मिळवण्याची कोशिश कोणी सोडू नये, असेच आम्ही सांगू. पण बीएडच्या दोन वर्षांत जे हुनर हाती येते, त्याला शाळेच्या बाहेरही मागणी आहे, ही गोष्ट आपल्या घरांपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही. मोबाइल, टॅब आणि संगणकावर चालणारे धडे कोणीतरी आखतो, लिहितो, तपासतो. त्या कामाला ई-लर्निंग डिझाइन म्हणतात आणि ते करणाऱ्याला इन्स्ट्रक्शनल डिझायनर. या लेखात त्याच कामाची ओळख करून द्यायची आहे, फायद्यांसह आणि अडचणींसह.

व्हिडिओ काढणे म्हणजे ई-लर्निंग नव्हे

पुष्कळांचा समज असा असतो, की फळ्यासमोर उभे राहून मोबाइलने रेकॉर्डिंग केले आणि यूट्यूबवर टाकले, की झाले ई-लर्निंग. तसे नाही. एक उदाहरण घेऊ.

पाचवीच्या मुलांना विचारा, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? बरीच मुले पटकन सांगतात, एक चतुर्थांश. कारण चार हा तीनपेक्षा मोठा. व्हिडिओत शिक्षक नियम सांगतील, मूल मान डोलावेल आणि परीक्षेत पुन्हा तीच चूक करेल. आता हाच धडा नीट आखून बघू. पहिल्या स्क्रीनवर सारख्या आकाराच्या दोन भाकऱ्या. एक तिघांत वाटायची, दुसरी चौघांत. मुलाने स्वतः बोटाने भाग पाडायचे. मग प्रश्न : तुला भूक लागली आहे, तू कोणता तुकडा घेशील? मुलाने चुकीचा तुकडा निवडला, तर नुसते लाल फुलीचे चिन्ह दाखवून भागत नाही. तिथे सूचना यावी, ‘दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून बघ.’ मूल तुकडा सरकवते, फरक डोळ्यांनी बघते आणि नियम स्वतःच सांगते.

पुढच्या स्क्रीनवर एक भाकरी मुद्दाम लहान आणि दुसरी मोठी द्यायची. आता मोठ्या भाकरीचा चौथा भाग लहान भाकरीच्या तिसऱ्या भागापेक्षा मोठाही असू शकतो. म्हणजे तुलना करायची, तर पूर्ण वस्तू सारखी हवी, हे मुलाच्या लक्षात येते. शेवटी भाकरी सोडून पाण्याच्या बाटलीवर प्रश्न विचारायचा, म्हणजे मुलाने उत्तर पाठ केले की समजून घेतले, ते कळते.

या सगळ्यात संगणकाचे ज्ञान किती लागले? थोडेसे. मूल नेमके कुठे अडखळते, याचे ज्ञान मात्र भरपूर लागले. ते ज्ञान संगणकाच्या इंजिनिअरकडे नसते, शिकवणाऱ्याकडे असते. या व्यवसायात बीएडवाल्यांची किंमत आहे ती यामुळेच.

पाठ टाचणातून स्टोरीबोर्ड

बीएड करताना सर्वांनी पाठ टाचणे काढली आहेत. उद्दिष्टे, पूर्वज्ञान, शैक्षणिक साहित्य, अध्यापन कृती, मूल्यमापन असे रकाने आखून रात्र रात्र जागून काढली आहेत. हर्बार्टची पंचपदी पाठ केली आहे. ब्लूमने १९५६ मध्ये मांडलेले उद्दिष्टांचे वर्गीकरण परीक्षेत लिहिले आहे. सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घेतले आहेत.

ई-लर्निंगमध्ये याच टाचणाचे रूप बदलते आणि त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. त्यातही रकानेच असतात : स्क्रीनचा क्रमांक, स्क्रीनवर दिसणारा मजकूर, ऐकू येणारा आवाज, चित्र किंवा हालचाल, विद्यार्थ्याने करायची कृती, बरोबर उत्तरावर काय दिसावे, चुकीच्या उत्तरावर काय दिसावे. हा तक्ता इतका स्पष्ट असावा लागतो, की तुम्हाला कधीही न भेटलेला चित्रकार आणि प्रोग्रामर केवळ तो वाचून धडा तयार करू शकेल.

या व्यवसायात एडी (एडीडीआयई) नावाची पद्धत सर्वत्र वापरतात. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत तिथल्या लष्कराच्या प्रशिक्षणासाठी ती आखली गेली. तिच्या पाच पायऱ्या अशा : गरजेचा अभ्यास, आराखडा, निर्मिती, प्रत्यक्ष वापर आणि मूल्यमापन. बीएड झालेल्या माणसाला यात परके काहीच वाटणार नाही.

एका धड्यामागे अनेक हात असतात. विषयाचा जाणकार माहिती देतो. इन्स्ट्रक्शनल डिझायनर तिचा धडा आखतो. मग चित्रकार, ॲनिमेशन करणारा, आवाज देणारा, अनुवादक, सॉफ्टवेअरमध्ये जुळणी करणारा आणि शेवटी एकेक बटण दाबून चुका शोधणारा तपासनीस. ज्यांची चित्रकला चांगली आहे, ज्यांचा उच्चार स्वच्छ आहे, ज्यांची नजर बारीक आहे, त्या सर्वांना यात जागा आहे.

साधने कोणती शिकावीत?

सुरुवात फुकटच्या साधनांपासून करावी. एचफाइव्हपी या मुक्त साधनाने प्रश्नमंजूषा, जोड्या लावा, मधेमधे प्रश्न विचारणारा व्हिडिओ असे प्रकार कोडिंग न करता तयार होतात. मूडल ही वर्ग चालवण्याची मुक्त प्रणाली आहे. मार्टिन डुगियामास या ऑस्ट्रेलियन माणसाने २००२ मध्ये ती जगासमोर आणली आणि आज अनेक देशांतली विद्यापीठे ती वापरतात. आवाजासाठी ऑडॅसिटी, स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ, गणितासाठी जिओजेब्रा, विज्ञानाच्या प्रयोगांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट. ही सगळी विनामूल्य आहेत.

कंपन्यांत मात्र आर्टिक्युलेट स्टोरीलाइन, अडोबी कॅप्टिव्हेट अशी विकतची सॉफ्टवेअर चालतात. नोकरीच्या जाहिरातीत यांची नावे हमखास दिसतात. आर्टिक्युलेट काही दिवस वापरून पाहायला विनामूल्य मिळते. ते दिवस कधी सुरू करायचे, हे आधी ठरवावे. स्टोरीबोर्ड कागदावर तयार असेल, तरच ते सुरू करावे. नाहीतर बटणे शोधण्यातच मुदत संपते.

स्कॉर्म हा शब्दही कानावरून गेलेला असावा. धडा एका ठरावीक पद्धतीने बांधला, की तो कोणत्याही प्रणालीत उघडतो आणि विद्यार्थ्याने किती सोडवले, किती गुण मिळवले याची नोंद करतो. त्या ठरावीक पद्धतीचे नाव स्कॉर्म.

आणि एक गोष्ट कोणत्याही कोर्समध्ये ठसवून सांगत नाहीत, ती आम्ही सांगतो. आपली मुले कोणत्या मोबाइलवर शिकतात, हे विसरू नका. घरात एकच फोन, तोही अब्बूंचा, संध्याकाळी तीन भावंडांत वाटला जाणारा. नेट संपत आलेले. धडा जड असेल, तर तो उघडणारच नाही. अक्षर बारीक असेल, तर फुटक्या काचेवर दिसणारच नाही. गरिबाच्या फोनवर चालणारा धडा जो बनवतो, तोच खरा डिझायनर.

उर्दू आणि मराठी : आपल्याजवळची दौलत

आपल्या मुलांकडे एक दौलत आहे आणि ती आपण दौलत समजत नाही. घरात दखनी किंवा कोकणी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू, परीक्षेला इंग्रजी. एवढ्या भाषांतून रोज ये-जा करणारे मूल अनुवादाच्या कामासाठी अर्धे तयारच असते.

पण दोन भाषांत धडा बनवणे म्हणजे शब्दाला शब्द ठेवणे नव्हे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि तिच्यातले आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. मराठी धडा उर्दूत नेताना ‘पुढे’चा बाण उलटा करावा लागतो, चित्रांचा क्रम उलटा करावा लागतो, पण गणितातली संख्या उलटी होऊन चालत नाही. नस्तालीक लिपीत शब्द तिरका उतरत जातो, त्याला उंची जास्त लागते. मराठीसाठी आखलेल्या चौकटीत तो मजकूर खालून कापला जातो. काही सॉफ्टवेअरमध्ये उर्दूची अक्षरे जोडलीच जात नाहीत, सुटी सुटी पडतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतात. जुन्या इनपेज फाइलमधला मजकूर किंवा जुन्या फाँटमधला मराठी मजकूर थेट उचलून टाकला, तर स्क्रीनवर भलतीच चिन्हे उमटतात, कारण तो युनिकोडमध्ये नसतो. या अडचणी केवळ संगणक शिकलेल्याला दिसत नाहीत. ज्याला दोन्ही लिप्या वाचता येतात, त्यालाच त्या दिसतात.

म्हणून आमचा सल्ला असा, की उर्दू-मराठी टायपिंग युनिकोडमध्ये शिकून घ्या. गुगलचा नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट विनामूल्य आहे. बालभारती आपली पुस्तके उर्दूतही काढते. एकाच इयत्तेचे, एकाच विषयाचे मराठी आणि उर्दू पुस्तक शेजारी ठेवून वाचा. परिभाषेची स्वतःची वही करा. छेद, अंश, परिमिती, प्रकाशसंश्लेषण यांना उर्दू पुस्तकात कोणते शब्द आहेत, ते लिहून ठेवा. अशी पाचशे शब्दांची वही ज्याच्याकडे आहे, त्याला कोणतेही यंत्र सहज मागे टाकू शकत नाही.

महाराष्ट्रातले दाखले

ही वाट नवी वाटली, तरी आपल्या राज्यात तिची पावले जुनी आहेत. १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम आमच्या पिढीने दूरदर्शनवर पाहिले आहेत. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने दीक्षा हे व्यासपीठ सुरू केले. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला, की तिथले साहित्य उघडते. संस्था येतात, जातात. पण चांगला धडा आखू शकणाऱ्याची गरज प्रत्येक वेळी नव्याने निर्माण होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. दहा लाख डॉलरचा हा पुरस्कार. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांनी काय केले होते? मुलांची घरची भाषा शिकून घेतली, पुस्तके त्या भाषेत आणली आणि त्यांना क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी, स्वाध्याय मोबाइलवर ऐकण्या-पाहण्याची सोय केली. तंत्र साधेच होते. आपल्या वर्गातल्या मुलाला काय अडते, हे त्यांनी आधी पाहिले, हे महत्त्वाचे.

दुसरा दाखला मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचा. तिथे प्रत्येक धड्याची संहिता दोन रकान्यांत लिहितात : एका बाजूला स्क्रीनवर काय दिसते, दुसऱ्या बाजूला निवेदन. मग तेच निवेदन वेगवेगळ्या भारतीय भाषांत डब होते. स्टोरीबोर्ड कसा लिहावा, हे शिकण्यासाठी याहून सोपा नमुना नाही.

काम कुठे मिळते आणि कुठे फसगत होते

पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद या शहरांत ई-लर्निंग बनवणाऱ्या पुष्कळ कंपन्या आहेत. एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्या. त्यांतल्या बऱ्याच कंपन्यांचे काम शालेय नसते. बँकेच्या नव्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, कारखान्यातली सुरक्षा, औषध कंपनीच्या प्रतिनिधींची तयारी असे धडे त्या बनवतात आणि ग्राहक अनेकदा परदेशातले असतात. तिथे इंग्रजी लिहिता येणे गरजेचे आहे. साहित्यिक इंग्रजी नको, साधे, छोट्या वाक्यांचे, बिनचूक इंग्रजी हवे. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलींनी याला घाबरू नये, पण याकडे डोळेझाकही करू नये. रोज एक परिच्छेद लिहावा.

शालेय साहित्याचे काम प्रकाशक, शिक्षणात काम करणाऱ्या संस्था आणि शैक्षणिक ॲपवाल्या कंपन्यांकडे असते. ॲपच्या बाबतीत सावध राहावे. एकेकाळी देशातली सर्वांत मोठी समजली जाणारी बायजूज ही कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शिवाय ‘एज्युकेशन कौन्सिलर’ अशी जाहिरात असते आणि प्रत्यक्षात आईबापांना फोन करून महागडे कोर्स गळ्यात मारण्याचे काम असते. मुलाखतीत सरळ विचारावे, ‘मला धडे लिहायचे आहेत की विकायचे आहेत?’

घरून सुटे काम घेणाऱ्यांनी चार गोष्टी लेखी घ्याव्यात : किती स्क्रीन किंवा किती मिनिटांचा धडा, किती वेळा दुरुस्ती करून द्यायची, पैसे किती आणि कधी, धड्यावर नाव कोणाचे. नोकरी देण्यासाठी आधी फी, डिपॉझिट किंवा ‘रजिस्ट्रेशन’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्या क्लासवाल्याला विचारावे, मागच्या बॅचमधल्या पाचजणांशी बोलायला मिळेल का?

रीतसर शिक्षण घ्यायचे असेल, तर एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या मुंबईतल्या जुहू परिसरात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. केंद्र सरकारच्या स्वयम् व्यासपीठावरचे अभ्यासक्रम शिकायला विनामूल्य आहेत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच फी भरावी लागते. पण या व्यवसायात प्रमाणपत्रापेक्षा आधी मागतात तो कामाचा नमुना.

यंत्र सगळे करेल का?

आजकाल घरोघर हा प्रश्न विचारला जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मिनिटभरात वीस प्रश्न काढून देतात, आवाजही देतात. मग माणसाचे काय काम?

‘जग’ हा शब्द घ्या. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि पाण्याचा ‘जग’ मराठीत सारखाच लिहितात, उच्चार मात्र वेगळा. उर्दूत जेर-जबर लिहिलेले नसतात. अलिफ आणि सीन ही दोन अक्षरे ‘इस’ वाचायची की ‘उस’, हे मागचापुढचा मजकूर पाहूनच ठरते. यंत्र इथे चुकू शकते आणि मूल ती चूकच बरोबर म्हणून शिकते. यंत्राने दिलेले वीस प्रश्न वाचून त्यातले सोळा काढून टाकणारा, उरलेले चार सुधारणारा जाणकार लागतोच. नुसते टाइप करणाऱ्याचे काम कमी होईल, हे खरे आहे. पारख करणाऱ्याचे वाढेल. म्हणून यंत्र वापरायला शिकावे, पण आपली पारख त्याच्या हवाली करू नये.

घरच्यांनी काय करावे?

आता थोडे अम्मी-अब्बूंशी, सासरच्या मंडळींशी बोलतो. मुलगी घरी बसून काम करते, याचा अर्थ ती रिकामी बसली आहे असा होत नाही. तिला रोज ठरलेले तीन-चार तास हवेत, त्या वेळात दारावरची बेल दुसऱ्या कोणीतरी उघडावी. दुकानासाठी माल भरताना आपण कर्ज काढतो, मुलाला रिक्षा घेऊन देतो. मग मुलीसाठी जुना का होईना, एक चांगला लॅपटॉप हा खर्च नसून भांडवल आहे, असे का मानू नये? लग्नाच्या यादीत फ्रीज आणि दिवाण असतो, तिथे हा लॅपटॉपही बसू शकतो. आणि तिने कमावलेला पैसा तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावा, हेही आम्ही स्पष्टच सांगतो.

मुलींना आणि मुलांनाही आमचे सांगणे एवढेच. पहिल्या महिन्यात एक लहान घटक निवडा, ज्यात मुले हमखास चुकतात. मोहल्ल्यातल्या पाच मुलांना शेजारी बसवून ती का चुकतात, ते लिहून काढा. दुसऱ्या महिन्यात त्याचा दहा स्क्रीनचा स्टोरीबोर्ड कागदावर आखा, मग एचफाइव्हपीत उतरवा. तिसऱ्या महिन्यात तोच धडा दुसऱ्या भाषेत न्या आणि पुन्हा त्याच मुलांच्या हाती द्या. तुम्ही मध्ये बोलू नका, नुसते बघा. मूल जिथे थांबेल, तिथे तुमचा धडा चुकला आहे. तो दुरुस्त करा.

तीन महिन्यांनी तुमच्याकडे दोन भाषांतला, खऱ्या मुलांवर तपासलेला एक धडा असेल. तो मोबाइलवर उघडून कोणत्याही मुलाखतीत समोरच्याच्या हाती देता येईल. नोकरी लगेच मिळेल, असे वचन आम्ही देत नाही. पण त्या पाच मुलांना अपूर्णांक नक्की कळलेला असेल आणि तुमच्या बीएडच्या पदवीने कपाटाबाहेर पहिले काम केलेले असेल.